चारशे बारा सह्या

डॅरियन ओकलीबद्दल आमच्या गॅरेजमध्ये चार मतं आहेत आणि ती चारही मर्लिन वँडेनबर्गची आहेत.

पहिलं, चेंडू हातांनी झेलून पळायच्या आमच्या फुटबॉलमध्ये ओकली मुळात कधी चांगला खेळाडू नव्हताच. दुसरं, तो चांगला झाला तो आमच्यामुळे. तिसरं, तो पैशासाठी आम्हाला सोडून गेला. आणि चौथं, त्याला जाऊ देणारे आमच्या टीमचे मालक बिनडोक आहेत. मर्लिन ही चारही मतं एका बिअरमध्ये मांडतो आणि एकाला दुसऱ्याचा धक्का लागतो आहे हे त्याच्या गावीही नसतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्या रविवारी ओकली ड्रेटनकडून, म्हणजे आमच्या जुन्या वैऱ्यांकडून, आमच्याच मैदानात खेळायला येणार होता. सकाळी नऊलाच मर्लिन माझ्या गॅरेजमध्ये हजर होता. माझं घर स्टेडियमपासून दोन गल्ल्यांवर आहे. सामन्याच्या दिवशी पोर्ट हॅलेटमधली निम्मी माणसं कोणाच्या ना कोणाच्या गॅरेजमध्ये उभी राहून खात असतात. माझ्याकडे बूयाचा, म्हणजे आमच्याकडच्या दाट रश्शाचा, हंडा असतो. कोंबडी, बैलाच्या शेपटीचे तुकडे, कोबी, गाजर, वाटाणे, सगळं पहाटेपासून एकत्र रटरटत ठेवायचं आणि लाकडी वल्ह्याने ढवळत राहायचं. हंडा माझ्या वडिलांचा. त्यांच्यामागे तो माझ्या भावाने, ऑरिनने, वीस वर्षं सांभाळला. गेली तीन वर्षं मर्लिन सांभाळतो, म्हणजे बिघडवतो. वाटाणे शेवटी घालायचे असतात, ते पहिल्याच तासात घालतो हा माणूस.

"आज बघ," मर्लिन वल्हं आपटत म्हणाला, "ड्रेटनवाले त्याला चेंडू देणारच नाहीत. त्यांना पण कळलंय."

"या मोसमात अकरा टचडाउन केलेत त्याने," मी म्हणाले. "अख्ख्या लीगमध्ये पहिला आहे."

"त्यांचा क्वार्टरबॅक चांगला आहे गं! त्याने फेकलेला चेंडू माझी आजीसुद्धा झेलेल."

"तुझ्या आजीला घ्यायला हवं होतं मग. आपल्याकडे झेलणाऱ्यांची बोंबच आहे."

ड्वेन वोयता हसला. ड्वेन हा मर्लिनचा मेहुणा. छपरं दुरुस्त करतो, आणि मर्लिन जे बोलतो त्याचं शेवटचं वाक्य पुन्हा बोलतो. एरवी निरुपद्रवी आहे.

"पैशासाठी गेला," ड्वेन म्हणाला.

"पैशासाठीच!" मर्लिनला जोर चढला. "गावाने डोक्यावर घेतलं होतं त्याला. आणि गेला कुठे? ड्रेटनला! दुसरीकडे कुठेही गेला असता तर मी एक शब्द बोललो नसतो."

इथे मला राहवलं नाही. राग मर्लिनचाच होता असं नाही. माझ्या कोटाच्या खिशात आठ दिवस एक फॉर्म पडून होता आणि तो मला बोचत होता.

स्टेडियममध्ये आमच्या घराण्याच्या चार जागा आहेत. उत्तर टोकाला, सव्विसाव्या रांगेत, अकरा ते चौदा. आमच्याकडे माणूस घर विकतो, बायको सोडतो, पण जागा सोडत नाही. प्रतीक्षा यादीत नाव घातलेला माणूस म्हातारा होऊन मरतो तरी त्याची पाळी येत नाही. वडिलांनी जाताना अकरा-बारा ऑरिनला दिल्या आणि तेरा-चौदा मला. चौदावर मी ड्वेनला बसवते, कारण तो गप्प बसतो. बारा नंबर ऑरिनच्या बायकोचा, बेव्हचा. बेव्ह वारल्यापासून तिथे ऑरिनचा थर्मास बसतो. गेली तीन वर्षं मी आणि माझा सख्खा भाऊ एका थर्मासच्या अंतरावर बसतो आणि एकमेकांशी एक अक्षर बोलत नाही. भांडण झालं तरी जागा बदलता येत नाही, हीच तर या जागांची गंमत.

आठ दिवसांपूर्वी पोस्टाने फॉर्म आला. ऑरिन त्याच्या दोन्ही जागा माझ्या नावावर करत होता. सोबत चिठ्ठी होती. 'ॲरिझोनाला जॅनेलकडे राहायला जातोय. या रविवारच्या सामन्यानंतर येणार नाही. सही करून तिकीट ऑफिसला दे.' जॅनेल त्याची मुलगी. खाली नाव नाही, काही नाही. माझ्याच गावात राहणाऱ्या भावाने मला पोस्टाने चिठ्ठी पाठवली.

सही करायची, म्हणजे त्याला जा म्हणायचं. नाही करायची, तर जागा परक्याला जाणार. मला दोन्ही नको होतं. मला फक्त त्याच्याशी बोलायचं होतं आणि ते कसं सुरू करायचं हे मला येत नव्हतं.

म्हणून मी मर्लिनवर घसरले.

"गेला?" मी म्हणाले. "तो गेला नाही, मर्लिन. आपण हाकलला त्याला. तीन वर्षांपूर्वी प्लेऑफच्या बाद सामन्यात त्याच्या हातून चेंडू सुटला आणि तू इथे, याच गॅरेजमध्ये, अर्ज लिहिलास. 'याला टीममधून काढा.' चारशे बारा सह्या गोळा केल्यास आणि रेडिओवर वाचून दाखवलास."

"मी?" मर्लिनने छातीवर हात ठेवला. खरंच, त्याचा चेहरा दुखावलेला होता. "मी शेवटपर्यंत त्याच्या बाजूने होतो! ड्वेन, होतो की नाही?"

"बाजूने होता," ड्वेन म्हणाला.

असं असतं बघा. झेलला की आपला बाब्या, सुटला की दुसऱ्याचं कार्टं. त्या दिवशी उणे बारा तापमान होतं, सुईसारखा वारा होता. तीन मोसम ज्याने सगळे चेंडू झेलले त्याच्या हातून एक सुटला, तर साठ हजार माणसं त्याच्या आईचा उद्धार करत होती. त्याच मार्चमध्ये मालकांनी त्याला ड्रेटनला देऊन टाकलं तेव्हा मर्लिनने केक आणला होता. आता तोच ओकली ड्रेटनकडून खोऱ्याने टचडाउन करतो, तर म्हणे दगाबाज. ज्याच्या पाठीत लाथ घातली तो दारात का थांबला नाही म्हणून हे रुसून बसलेत.

गॅरेजमधल्या फ्रिजवर सॉसेजवाल्याचं कॅलेंडर आहे. त्याच्या मागे त्या अर्जाची प्रत अजून अडकवलेली होती. मी ती खस्सकन ओढून काढली आणि मर्लिनच्या नाकासमोर धरली.

"वाच. दुसरी सही कोणाची आहे?"

मर्लिनने चष्मा कपाळावर चढवला. वाचलं. थोडा वेळ वल्हं थांबलं.

"अगं, पण पहिली तुझीच आहे की, अर्लीन."

मी कागद फिरवून बघितला. होती. अर्लीन कोस्टका, स्वच्छ, वळणदार, खाली रेघ मारलेली. शपथेवर सांगते, माझ्या डोक्यात माझी सही कुठेतरी खाली होती, दोनशेच्या आसपास, गर्दीत ढकलली गेल्यासारखी. तीन वर्षं मी ती तिथेच वाचत आले होते. पेनसुद्धा माझंच होतं, मीच सगळ्यांना देत होते, हेही तेव्हाच आठवलं.

मर्लिन पोट धरून हसला. मी त्याला इतकी वर्षं मूर्ख समजत होते. मूर्ख तो आहेच, पण निदान तो विसरला तेव्हा सगळंच विसरला. मी सोयीचं तेवढंच विसरले होते.

त्या दिवशी एकट्या ऑरिनने सही केली नाही. चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढलेल्या माणसाचे हात त्याने आमच्यासमोर धरले होते, दोन बोटं अर्धी असलेले. "या थंडीत तुमच्यातल्या एकाच्या हातात मोहरीच्या सॉसची बाटली तरी टिकली असती का?" असं म्हणाला. सगळे ओरडले. आणि मी, त्याची बहीण, सगळ्यांदेखत म्हणाले, "बाबा असते तर त्यांनी तुला त्यांच्या जागेवर बसू दिलं नसतं." त्याने वल्हं भिंतीला टेकवलं आणि तो निघून गेला. त्या वाक्याची आठवण मला रोज येते. ती विसरायची सोय मला जमली नाही.

बाराला सामना सुरू झाला. ऑरिन अकरावर होता, थर्मास बारावर, मी तेरावर. मागच्या रांगेत मर्लिन. ओकली मैदानात आला तसं सगळं स्टेडियम हूऽऽ करून ओरडायला लागलं. पहिल्या भागात त्याने एक टचडाउन केलं, दुसऱ्यात आणखी एक. दुसऱ्या वेळी तर चेंडू एका हाताने झेलला, आमच्या बचाव करणाऱ्या पोराला नुसता वाऱ्यावर सोडून.

"नशीब!" मागून मर्लिन.

"नशीब," माझ्या शेजारून ड्वेन.

ऑरिन प्रत्येक वेळी हातमोजे घातलेले हात एकमेकांवर आपटत होता. थप्, थप्. आमच्या अख्ख्या टोकाला टाळ्या वाजवणारा तो एकटा. लोक त्याला शिव्या घालत होते, तो कॉफी पीत होता.

मग शेवटच्या भागात, सात मिनिटं राहिली असताना, ओकली थेट आमच्याकडे धावत आला. आसपास कोणी नाही. चेंडू आला तो अगदी ताटात वाढल्यासारखा. आणि त्याच्या हातातून सुटला. छातीवर आपटून खाली बर्फात पडला. ओकली गुडघ्यांवर तसाच बसला, आमच्यापासून शंभर पावलांवर, त्याच टोकाला, जिथे तीन वर्षांपूर्वी बसला होता.

असा जल्लोष मी आयुष्यात ऐकला नाही. टीम जिंकली तरी आमची माणसं इतकी खूश होत नाहीत.

"बघितलंत? हेच! हेच मी म्हणत होतो!" मर्लिन बाकावर चढला. "हात नाहीतच त्याला!"

आणि त्या गदारोळात मला शेजारून ऐकू आलं. थप्, थप्, थप्. ऑरिन उभा राहिला होता आणि टाळ्या वाजवत होता. सुटलेल्या चेंडूला.

मागून बर्फाचा गोळा आला आणि ऑरिनच्या मानेवर फुटला. कॉलरमधून आत गेला. एकाहत्तर वर्षांचा माणूस. त्याने वळूनही बघितलं नाही. मी बघितलं. मर्लिन दुसरा गोळा वळत होता.

"टाक," मी म्हणाले. "टाक, मर्लिन, आणि पुढच्या वेळी स्वतःचा हंडा आण. शेपटीचे तुकडे कशाशी खातात हे तुला ठाऊक नाही, फुटबॉल काय कळणार? एकदा हाकललंस ना त्याला? आता तो तुझ्या अंगणात येऊन तुला दोनदा हरवून गेला, तर सुटलेल्या एका चेंडूवर नाचतोस. लाज वाटू दे थोडी. मला वाटतेय, तर तुला वाटायला काय हरकत आहे?"

मर्लिनने हातातला गोळा बाकाखाली टाकला. ड्वेनने या खेपेला कोणाचंच वाक्य उचललं नाही.

मी थर्मास उचलला, मांडीवर घेतला आणि बारावर सरकले. ऑरिन खाली बसला आणि तीन वर्षांनी माझा खांदा माझ्या भावाच्या खांद्याला लागला. तो समोर बघत होता.

"सुटल्यावर कसल्या टाळ्या वाजवतोस?" मी विचारलं. इतक्या दिवसांनी बोलले तेही असं, भांडल्यासारखं.

"झेलल्यावर त्याला माझी काय गरज?" ऑरिन म्हणाला.

 मैदानावर ओकली उठून परत चालला होता, लोक अजून ओरडत होते.

"बाबांच्या जागेबद्दल मी बोलले ते चुकलं माझं," मी म्हणाले. "तेव्हाच चुकलं होतं. आणि पहिली सही माझी होती."

"माहितीय. मी तिथेच उभा होतो."

मी खिशातून फॉर्म काढला. पेन काढलं. ठरवलं होतं, त्याच्यासमोर सही करायची. निदान त्याला पोस्टाने उत्तर तरी द्यायचं नाही. कागद थर्मासवर ठेवून मी पेन टेकवलं. काही उमटेना. पुन्हा गिरवलं. नुसता चरा. थंडीने शाई गोठली होती.

ऑरिन बघत होता. "त्या दिवशी बरं चाललं होतं तुझं पेन," तो म्हणाला.

"त्या दिवशी गॅरेजमध्ये हीटर होता."

तो हसला नाही. माझ्या हातातून पेन काढून घेतलं, अर्ध्या बोटांच्या हाताने कोटाची झिप उघडली आणि ते आतल्या खिशात टाकलं. फॉर्म चार घड्या करून माझ्याकडे परत दिला.

"पुढचा सामना कधी आहे इथे?"

"चौदा डिसेंबरला."

"तोवर होईल गरम," तो म्हणाला. मग मैदानाकडे बघत, आवाज न चढवता, पण मागच्या रांगेला नीट ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि त्या दिवशी मी येईपर्यंत वाटाण्यांना कोणी हात लावायचा नाही."