मुनियांच्या थव्यातला जावा

माझा धाकटा लेक शंभूराज फौजेतून पेन्शनीवर आला, ते दोन हजार तेवीस साल. घरात बसवेना म्हणून तो साताऱ्यातल्या पक्षी बघणाऱ्यांच्या मंडळात जाऊ लागला. दिवाळीनंतर एका रविवारी मंडळानं वेगळीच फेरी काढली. पिंजऱ्यातून सुटून शहरातच राहिलेले परदेशी पक्षी शोधायचे. हे मी शेजारच्या अख्तरबीला सांगितलं, तर ती घासायची भांडी तशीच टाकून उठली.

"मला बी न्या. मी येती."

तिचं कारण मला ठाऊक होतं. तिचे मालक नियाजभाई पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचे आणि हौसेनं पक्षी पाळायचे. जावा नावाची जात. अंग राखी, डोकं काळं, गाल पांढरे, चोच जाड आणि गुलाबी. पावसाळ्यात नियाजभाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं. मूलबाळ नाही, त्यामुळे अख्तरबी तिथंच. घरी दाण्यावाचून दोन पक्षी मेले, तेव्हा तिनं बाकीच्यांचं दार उघडून दिलं. नियाजभाई घरी आले आणि रिकामा पिंजरा बघून म्हणाले, "त्यास्नी बाहेर दाणा हुडकाय येतो व्हय? मारलंस तू समद्यांना." तेव्हापासून ते खाटेवर होते आणि तिच्याशी एक अक्षर बोलत नव्हते. एक तरी पक्षी जिवंत दिसावा, एवढंच तिला हवं होतं.

फेरी नेणारे धैर्यशील सर कॉलेजात शिकवायचे. आवाज करायचा नाही, असं त्यांनी निघतानाच बजावलं. गोडोली तळ्याजवळ विजेच्या तारेवर हिरवा लव्हबर्ड दिसला. तोंड शेंदरी. होले-कबुतरांच्या रांगेत पाहुण्यासारखा अंग चोरून बसला होता.

"हा मूळचा आफ्रिकेचा," सर म्हणाले.

"मग हितं खातो काय?" मी विचारलं.

"आजी, तेच तर बघायचंय."

"आई, मिरची बी बाहेरनंच आली हाय, माहीत हाय का?" शंभूराज म्हणाला.

"गप रं. मिरची आमच्या कोरेगावची."

सगळे हसले. अख्तरबी हसली नाही. ती प्रत्येक झाडात बघत होती.

कारखान्यांच्या मागं पडीक रान आहे. तिथं गवताला तुरे आले होते आणि तुऱ्यांवर चिमणीहून लहान अशा मुनियांचा मोठा थवा चरत होता. सरांनी हात वर केला. आम्ही जागीच थांबलो.

"मधोमध बघा," ते हळूच म्हणाले. "गुलाबी चोच."

शंभूराजनं दुर्बीण अख्तरबीच्या हातात दिली. तिनं ती इकडं-तिकडं फिरवली, पण तिला पक्षी सापडेना. "कुठं हाय? आवं, कुठं हाय?" म्हणत तिनं दुर्बीण परत केली, पिशवीतून राळ्याचा स्टीलचा डबा काढला आणि खडखड वाजवला. घरी नियाजभाई दाणा टाकायच्या आधी असाच डबा वाजवायचे.

भुर्रकन सगळा थवा उडाला.

"अवो बाई, काय केलंत! फोटो गेला की माझा," एक जण ओरडला. सरही चिडले. "बोललो होतो ना, आवाज नको म्हणून?"

अख्तरबी रडकुंडीला आली. तेवढ्यात मला गवताचा एक तुरा खालीवर होताना दिसला. एक पक्षी गेलाच नव्हता. तो उडून तारेच्या कुंपणावर आला आणि मान वाकडी करून डब्याकडे बघू लागला. गाल पांढरे. जावाच.

अख्तरबी उकिडवी बसली आणि तळहातावर राळा घेऊन हात पुढं केला. पक्षी सरकत सरकत हातभर अंतरावर आला.

"मावशी, पदर टाका वरनं," शंभूराज कुजबुजला. "घरी नेऊन दावा."

तिनं पदर मुठीत धरला. पलीकडच्या बाभळीवरून मुनिया बोलत होत्या. पक्ष्यानं राळ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि दाण्याला चोचही न लावता बाभळीकडे उडून गेला. तिचा पदर मुठीतच राहिला.

फोटो कुणाकडंच नव्हता. बघायच्या नादात काढायचं राहिलं.

घरी आल्यावर ती खाटेजवळ उभी राहून सांगू लागली. नियाजभाई भिंतीकडे तोंड करून पडले होते. डबा, कुंपण, बाभळ, सगळं सांगून झालं तरी ते हलले नाहीत. मी म्हटलं, "भाई, मी बी बघितला. खोटं न्हाई."

भिंतीकडं बघतच त्यांनी विचारलं, "राळा खाल्ला?"

"न्हाई," अख्तरबी म्हणाली. "नुस्ता बघून गेला."

ते कूस बदलून तिच्याकडं वळले. "मंजी पोट भरल्यालं हुतं त्याचं."

"आसंल."

"थवा केवढा हुता? बस हितं. नीट सांग."

ती खाटेच्या कडेला बसली. मी माझ्या घरी आले.

नियाजभाई मुल्ला दोन हजार चोवीस सालच्या फेब्रुवारीत, नऊ तारखेला, शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधी वारले.