पिवळा कीस

भाईदासआबांनी दाराला कान लावला आणि आतली घरघर थांबली. हे नेहमीचंच झालं होतं. आबा दाराशी येऊन उभे राहिले, नुसते खोकले, तरी आवाज बंद. मग ड्रॉवर सरकल्याचा आवाज, आणि पाठोपाठ अमृतचा, जरा जास्तच गोड.

“आबा, काही हवंय का?”

“काही नही. पानी पेवाले उठनू.”

पाण्याचा माठ घराच्या दुसऱ्या टोकाला होता. ते बापालाही ठाऊक होतं आणि लेकालाही.

अमृत जळगावच्या एका पाइप कंपनीत नोकरीला. चाळिशी ओलांडलेला, सरळमार्गी, भिंतीत खिळा ठोकायचा तरी माणूस बोलावणारा. आणि अशा माणसाच्या नावाने दिवाळीनंतर एक पार्सल आलं. त्यात हातात मावणारं, मोबाईलच्या वायरीवर चार्ज होणारं एक यंत्र, आणि डबीभर चकत्या न् बारीक बारीक गिरमिटं. “ऑनलाइन स्वस्तात मिळालं आबा, मॉडेल करायला,” एवढंच तो म्हणाला होता. मॉडेल ही शाळेतल्या पोरांनी प्रदर्शनात मांडायची वस्तू. या घोड्याला ती कशाला हवी? आबांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

कारण असं यंत्र कशाला वापरतात, ते आबांना कोणी सांगायला नको होतं. सराफाच्या पेढीवर, कारागिरांच्या खोलीत, छताला टांगलेल्या मोटरीवर त्यांनी उभा जन्म काढला होता. अशा चकतीने सोनं कापतात, घासतात. आणि ज्याची नियत फिरली, तो दागिन्याची आतली कड हलकेच उतरवतो. घालणारीला पत्ताही लागत नाही. असे कारागीर बाजारातून कायमचे उठलेले आबांनी पाहिले होते. त्यांच्या स्वतःच्या नावावर मात्र कधी शिंतोडा उडाला नव्हता. त्यांची सगळी मिळकत म्हणजे ते नाव.

आता नेमक्या सारिकाच्या, म्हणजे सुनेच्या, पाटल्या घरात होत्या. बोदवडला भाचीच्या लग्नासाठी तिने त्या बँकेतून काढल्या, आणि परत ठेवायला मुहूर्त लागत नव्हता. पाटल्या आबांनीच घडवलेल्या. ठेवलेल्या कुठे, तर अमृतच्या त्याच खोलीतल्या कपाटात.

एका सकाळी अमृत ड्यूटीवर गेला आणि सारिका भाजीला. आबा खोलीत शिरले. टेबलाखालच्या फरशीवर पिवळा कीस चमकत होता. पेढीवर झाडलेली धूळसुद्धा कोणी फेकत नसे, त्यामुळे हात आपोआप चालला. कुंचलीने त्यांनी तो कागदावर ओढला, पुडी बांधली आणि उशीखाली सरकवली.

मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्या किसाचा रंग नीट कळेना. पेढीवर जाऊन तेजाबाचा एक थेंब टाकला असता, की सोनं आहे की नाही याचा सोक्षमोक्ष. रोज सकाळी टोपी घालून ते निघायचे आणि चौकातून परत फिरायचे. लेक चोर निघाला तर काय करायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. त्यापेक्षा न कळलेलं बरं वाटत होतं.

न राहवून एकदा जेवताना त्यांनी विचारलं.

“सारिका, पाटल्या बँकमा ठेवाले गयी नही का तू?”

“जाईन, आबा.”

“कपाटनी चावी कोनाजोडे शे?”

“माझ्याकडे आहे. का हो?”

“काही नही. अशीच.”

सारिकाने त्यांच्याकडे क्षणभर जास्तच पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून चावी तिच्या कमरेला दिसू लागली. पोरीलाही नवऱ्याचा संशय आलेला दिसतो, असं आबांना वाटलं.

रविवारी दुपारी मात्र त्यांचा धीर सुटला. खोलीत घरघर चालू होती. त्यांनी खोकायचं टाळलं आणि दार ढकललं.

अमृत तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा लावून बसला होता. समोर वर्तमानपत्र पसरलेलं, आणि त्यावर वीतभर लांबीचं आगगाडीचं इंजिन. बॉयलरला पितळी नळी, चाकं पितळी पत्र्याची.

“हाई काय शे?”

“पीजे आहे, आबा. पाचोरा-जामनेर. पहूरला आपण बसायचो ना, ती छोटी गाडी.”

“मंग दार कसाले लावस?”

अमृतने मास्क खाली ओढला. “धूळ उडते, सारिका ओरडते. आणि तुम्ही बघाल म्हणून. जन्मभर तुमचं काम बघितलंय मी. माझ्या कडा बघा ना, किती वाकड्या.”

आबांनी एक चाक उचलून अंगठ्याने चाचपलं. हलकं, निव्वळ पितळ. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी धुळीवर ढकललं. मग खुर्ची ओढून ते लेकाशेजारी बसले. यंत्र तसं कुचकामीच. जरा दाबलं की चकती थांबायची.

“दाबू नको,” आबा म्हणाले. “नुसतं टेकव.”

तासाभराने बॅटरी संपली तेव्हा ते हसत बाहेर आले. सारिका ओट्यावर डाळ निवडत होती.

“सारिका, पाटल्या आन. अमृतना यंत्रवर चकचकीत करी देस.”

तिचे हात थांबले. “नको आबा. बरोबर आहेत त्या. वजन केलंय मी.”

“वजन? कसाले?”

तिने डाळीचं ताट बाजूला सारलं. “चादर बदलताना तुमच्या उशीखाली पुडी सापडली. पिवळ्या किसाची. आणि तुम्ही कपाटाच्या चावीची चौकशी केली होती.”

तो कीस अमृतच्या टेबलाखालचा, पितळेचा, असं सांगायला आबांनी तोंड उघडलं. पण मग तो जपून का ठेवला, तेही सांगावं लागलं असतं. ते ओट्याला टेकून उभे राहिले.

“कोना दुकानमा गयथी?”

“तुमच्याच पेढीवर, शेठकडे. दुसऱ्या कोणाचा भरवसा वाटेना.”

“तू त्यासले सांगं का, कोनावर वहीम शे ते?”

सारिकाने मान खाली घातली.

“शेठ काय बोलनात?”

“म्हणाले, भाईदासला मी ओळखतो. त्याच्या हातून असं व्हायचं नाही.”

आबांनी मान हलवली. जायला वळले आणि थांबले.

“पाटल्या काटावर ठेवाना पहिले हाई बोलनात, का मंग?”

सारिकाच्या डोळ्यांत पाणी होतं.

“नंतर, आबा.”