शेवटपर्यंत पळाला का?

मैदानावर त्याला सगळे खांब म्हणत. आधी कौतुकानं, कारण त्याला चुकवून गोलपर्यंत जाणं म्हणजे लोखंडाचे चणे चावणं. मग चिडवून, कारण शेवटची पंधरा मिनिटं तो खरोखरच खांबासारखा उभा राहायचा. गर्दी टाळायला लोक उठू लागले, खुर्च्या खाडखाड मिटू लागल्या, की याचे पाय गळायचे. बघणारेच घरी निघाले, तर छाती फुटेस्तोवर पळायचं कोणासाठी?

सगळ्यांत आधी उठायचा त्याचा बाप. तो सामन्याच्या प्रेक्षकांना घरी सोडणाऱ्या बसचा ड्रायव्हर. सामना सुटायच्या आत गाडी गेटवर लावणं ही त्याची ड्युटी, त्यामुळे पोराच्या एकाही सामन्याचा शेवट त्यानं पाहिला नव्हता.

बाप जाऊन महिना झाला होता. खांबाच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं. "अरे, एकदा रड तरी," आई म्हणायची. तो "बरं" म्हणून जेवायला बसायचा. कोचनं बजावलं होतं, "आज शेवटपर्यंत पळालास तर पुढच्या वर्षी ठेवतो. नाहीतर रस्ता मोकळा." त्यालाही त्यानं "बरं"च म्हटलं.

सामन्यात त्यांच्यावर दोन गोल बसले, खुर्च्या मिटू लागल्या. समोरचा पोरगा अगदी बगलेतून निघून गेला, तरी खांब हलला नाही. कोचनं त्याला बाहेर काढलं. म्हणजे संपलंच. वाईट वाटायला हवं होतं, पण तेही वाटेना. बाकावर न बसता त्यानं कपडे बदलले आणि सामना चालू असतानाच गेटबाहेर पडला.

बापाची उशी आणि थर्मास अजून बसमध्येच होती. ती बस आता बापाचा जोडीदार चालवायचा.

"काका, बाबांचं सामान..."

"मागच्या सीटवर आहे. बस तिथंच, घरी सोडतो."

तो टोपी डोळ्यांवर ओढून बसला. लवकर उठून आलेले लोक गाडीत कुरकुरत होते. "अहो, सोडा की आता!" काका ढिम्म. शेवटची माणसं आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा बापानंच घालून दिलेला नियम होता.

शिट्टी झाली. धापा टाकत एक आजी-आजोबा चढले.

"आमचा खांब शेवटपर्यंत पळाला का?" काकांनी विचारलं.

"पळाला, पळाला!" आजी म्हणाल्या. "घोड्यासारखा! चला आता."

मागच्या मफलरवाल्यानं री ओढली, "पळाला हो, विचारता काय!"

खांब मागच्या सीटवर मांडीवर उशी घेऊन ऐकत होता.

गाडी रिकामी झाल्यावर तो पुढे आला. "बाबांनाही असंच सांगायचे?"

"दरवेळी. नाही म्हणायची कोणाची बिशाद? गाडी हलली नसती."

"आणि बाबांना ते खरं वाटायचं?"

काकांनी स्टिअरिंगजवळच्या छोट्या रेडिओकडे बोट दाखवलं. "इथं बसून सामना ऐकायचा. तू कधी थांबलास, सगळं ठाऊक असायचं त्याला."

"मग विचारायचे कशाला?"

"लोकांच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं म्हणायचा."

घराजवळ खांब उतरला. बगलेतल्या उशीला बापाच्या तेलाचा वास होता. स्टॉपवरच्या बाकावर तो मटकन बसला, आणि महिनाभर अडलेलं रडू एकदाचं आलं.

काकांना गाडी डेपोत लावायची होती. त्यांनी इंजिन बंद केलं, आणि त्याचं रडून होईपर्यंत गाडी हलवली नाही.