सरदारची लेक

आमच्या सरदारसारखा बोकड साऱ्या वस्तीत नव्हता, आणि हे मी एकटीच म्हणत नव्हते. काळाभोर अंग, कपाळावर पांढरा चट्टा. लोक आपापल्या शेळ्या घेऊन माझ्या दारात उभे राहायचे. मी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. मोठेपणा फुकट मिळत असला तर कोण सोडतं?

चांदणी त्याचीच लेक. तिलाही मी त्याच्याकडूनच फळवली. दोन करडं झाली. एकाचा खालचा जबडा आखूड, सड तोंडात धरता येईना. दुसरं पायावर उभंच राहिलं नाही. सुनेने बाटलीने दूध पाजून पाहिलं, पण चौथ्या दिवशी दोन्ही गेली. चांदणी आठवडाभर तो कोपरा हुंगत होती.

जनावरांची डॉक्टरीण आली. वयाने माझ्या नातीएवढी.

"आजी, बोकड कोणता होता?"

"घरचा. तिचा बाप."

तिने कपाळाला हात लावला. "अहो, रक्तात दडलेला दोष एकीकडूनच आला तर झाकून राहतो. बाप-लेकीचा मेळ घातला की दोन्हीकडून येतो नि उघडा पडतो."

"आमच्या सरदारच्या रक्तात दोष?"

"सगळ्यांच्याच असतो, आजी. तुमच्या, माझ्यासुद्धा."

माझ्याबद्दल तिने बोलायला नको होतं. पण करडाचा तो जबडा मी डोळ्यांनी पाहिला होता.

लेकाने बजावलं, "आता ही रिकामी राहिली तर खाटकाला देणार. फुकट चारा खायला ती काय पाहुणी आहे?"

एका सकाळी चांदणी शेपूट हलवत ओरडायला लागली, चाऱ्याला तोंड लावेना. माजावर आली होती. शेळीचा माज दीड दिवसाचा. मी सुनेला म्हटलं, "दोर घे, बाहेरचा बोकड शोधू."

पहिल्या घरचा बोकड, कपाळावर पांढरा चट्टा. दुसऱ्या घरी गेलो, तिथेही चट्टा. तिसऱ्या घरचा म्हातारा हसून म्हणाला, "काय चेष्टा करता, आजी? हा तुमच्याच सरदारचा की!"

सून तोंडाला पदर लावून खुसखुसली. "सासूबाई, सगळी वस्ती व्याही करून ठेवलीत."

"दात दाखवू नकोस. चल."

"आता कुठे?"

तिलाही ठाऊक होतं. एकच दार उरलं होतं, माझ्या धाकट्या जावेचं. सहा वर्षांपूर्वी तिने चार माणसांत म्हटलं होतं, "ताई, एकाच बोकडाची पोरं घरोघरी नकोत," आणि लांबून शेळ्या-बोकड नवे आणले होते. मी तिला म्हटलं होतं, "माझ्या दारात पाय ठेवू नकोस." तेव्हापासून आमची तोंडं दोन दिशांना.

सून म्हणाली, "मी एकटीच नेऊ का? तुम्ही घरी थांबा."

मला ते फार आवडलं. तरी दोर तिच्या हातातून घेतला. अपमान मी केला होता, निस्तरायला तिला कशी पाठवू?

जाऊ अंगण झाडत होती. मला पाहून केरसुणी थांबली.

"माझ्या शेळीला तुझा बोकड हवा," मी म्हटलं. "तू तेव्हा बरोबर बोललीस, मी चुकले. आता हसायचं तर हसून घे, पण लवकर. हिला वेळ नाही."

ती हसली नाही. केरसुणी टाकून तिने गोठ्याचं फाटक उघडलं. तिचा बोकड म्हणजे एक शिंग वाकडं, दाढी विटलेली, वास तर विचारूच नका. पण कपाळ कोरं! चांदणी त्याच्यापुढे शांत उभी राहिली.

काम झाल्यावर जाऊ खाली बघत म्हणाली, "ताई, माझ्याही दोन माजावर येऊन गेल्या परवा. दोघी याच्याच लेकी, याच्यावर कशा सोडू? वस्तीतले बाकी बोकड सगळे माजलेले, माणसांच्या अंगावर धावणारे. सरदार गरीब आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आले होते त्यांना घेऊन."

"मग?"

"परत फिरले. तुम्ही दारातच बसला होतात."

मला आठवलं, मी वाटाणे सोलत होते. मान वर केली नव्हती.

"एकवीस दिवसांनी पुन्हा येतील माजावर," मी म्हटलं. "सकाळीच घेऊन ये. आणि कुणाला विचारत बसू नकोस, सरळ आत ये."

"चहा टाकू?"

"साखर कमी घाल," मी म्हटलं आणि तिच्या ओट्यावर टेकले.