दाराबाहेरचा आवाज

सुझगो म्हांगोला अमेरिकेत येऊन दीड महिना होत आला होता, आणि तेवढ्या काळात त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. इथे काहीही घडायचं असलं तरी ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं, फक्त आपल्याला नसतं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात जाऊन बसला होता. बराच वेळ कुणी फिरकलं नाही. शेवटी बाहेर कुत्र्याला फिरवणारे एक म्हातारबुवा भेटले. म्हणाले, "पोरा, आज सुट्टी. कामगार दिन."

"मग कामगार कुठे गेले?" सुझगोनं विचारलं.

"परसात मांस भाजतायत," म्हातारबुवा म्हणाले आणि कुत्र्यामागे चालू लागले.

सुझगो मलावीतल्या रुंफीचा. आयोवातल्या या विद्यापीठात तो मातीचं शास्त्र शिकायला आला होता. टुंबुका भाषेत सुझगो म्हणजे संकट. त्याच्या जन्माच्या वेळी आईचे फार हाल झाले होते, म्हणून ते नाव. त्याचे प्रोफेसर ऑस्टरहाउस यांनी पहिल्याच भेटीत नावाचा अर्थ विचारला, तेव्हा त्यानं "धीर" असं ठोकून दिलं. पहिल्या दिवशी 'मी संकट' म्हणून कुणी ओळख करून देतं का? प्रोफेसर म्हणाले, "छान. आणि मला डेल म्हण." आता आपल्या वडिलांहून मोठ्या माणसाला नुसतं डेल कसं म्हणायचं? आणि 'सर' म्हटलं की ते हसायचे. म्हणून सुझगोनं त्यांना हाक मारणंच सोडून दिलं. काही विचारायचं असलं की जवळ जाऊन खाकरायचा.

विद्यार्थ्यांच्या खोलीत शेजारच्या टेबलाशी ब्रेना कोवाल्की बसायची. बापाचा डुकरांचा गोठा, चार भाऊ, बोलायला फटकळ. तिनंच त्याला पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, "विद्यापीठाच्या तातडीच्या मेसेजसाठी नंबर नोंदवलास का?" त्याचा फोन तेव्हा फक्त इंटरनेट असेल तिथेच चालायचा. इथला नंबर घेतल्यावर बघू, असं म्हणून त्यानं ते पुढे ढकललं होतं, आणि ढकललं ते राहूनच गेलं.

त्या बुधवारी सकाळपासून तो तळघरात माती दळत होता. वाळलेली ढेकळं यंत्रात टाकायची, पीठ झालं की बारीक चाळणीतून चाळायचं. यंत्राचा आवाज असा की कानात बोळे घालावे लागत. फोन, पिशवी, दार उघडायचं कार्ड, सगळं वर विद्यार्थ्यांच्या खोलीत पडलेलं. कार्डावाचून उघडं राहावं म्हणून तळघराचं दार तो कायम विटेनं अडवून ठेवायचा.

पोटात कावळे कोकलू लागले तेव्हा त्यानं यंत्र बंद केलं. वर जाता जाता माती काढायची लोखंडी नळीही घेतली. कमरेएवढी उंच, चांगली जड. ब्रेना दोन दिवस तिच्यासाठी मागे लागली होती.

वरच्या बोळातले दिवे विझलेले होते. सगळी दारं लावलेली. पुन्हा सुट्टी की काय, असं त्याच्या मनात आलं. पण सकाळी तर माणसं होती. कॉफीच्या यंत्राजवळ रांग होती, ब्रेना कुणाशी तरी फोनवर भांडत होती.

विद्यार्थ्यांच्या खोलीच्या दाराला एक काचेची पट्टी होती. तिच्यावर आतून कागद चिकटवलेला दिसला. सुझगोनं दार वाजवलं.

"अहो, कुणी आहे का? माझी पिशवी आत राहिलीय."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि लगेच थांबला. म्हणजे आत माणूस होतं. त्यानं कान लावला. कुणीतरी श्वास रोखून बसल्यासारखी शांतता होती.

"ब्रेना? मी आहे मी!"

काही नाही. त्यानं दाराची मूठ हलवून पाहिली. मग जरा जोरात हलवली. एका हातात ती नळी होती, ती दारावर खणकन आपटली. आता त्याला भीतीपेक्षा राग येऊ लागला होता. चेष्टा करतायत का? एवढं काय केलं मी? आणि राग, भूक, गोंधळ सगळं एकदम दाटून आलं की माणसाची शिकलेली भाषा आधी पळते, तशी त्याची पळाली. रुंफीत कुणाच्याही दारात उभं राहून जशी साद घालतात तशी त्यानं घातली, "ओडी! ओडी!" तिकडे या हाकेला आतून उत्तर येणारच. भांडलेल्या घरातूनही येतं. इथे आतून काहीच आलं नाही.

तो पुढच्या दारावर गेला. मग त्याच्या पुढच्या. कुठेच कुणी ओ देईना.

बाहेर आला तर हिरवळीवर चिटपाखरू नव्हतं. वाटेत एक सायकल आडवी पडली होती. पायरीवर कुणाचा तरी पेला, अजून वाफाळणारा. लांबून सायरन ऐकू येत होता. पाणी उडवणारा फवारा रिकाम्या बाकांना भिजवत आपला गरगर फिरत होता.

रुंफीच्या बाजारात एक प्रचारक दर शनिवारी खोक्यावर उभा राहून ओरडायचा, की एक दिवस देव आपल्या माणसांना असं अलगद उचलून नेईल, चुलीवरची भांडी तशीच राहतील, आणि पापी मागे उरतील. सुझगो आणि त्याचे मित्र त्याला हसायचे. आता त्या पेल्यातली वाफ पाहून सुझगोला आधी हसू आलं आणि मग त्यानं वर आभाळाकडे पाहिलं. आईला उचललं असेल का? हा पहिला विचार. तिला तर नक्कीच.

तेवढ्यात कोपऱ्यावरून तीन पोलीस आले. बंदुका पुढे, मान खाली.

"हात! हात दिसू देत! हातातलं टाक!"

नळी त्याच्या हातातून आपोआपच सुटली. वाटेच्या फरशीवर पडली तिचा आवाज केवढा मोठा झाला! वडीलधाऱ्या माणसापुढे गुडघे टेकायचे आणि दोन्ही तळवे हलकेच वाजवायचे, हे त्याच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं. गुडघे टेकले गेले आणि हात एकमेकांकडे जाऊ लागले.

"हात हलवू नको! पालथा पड! पालथा!"

तो पालथा पडला. गाल ओल्या गवतावर. फवाऱ्याचं पाणी दर फेरीला मानेवर येत होतं. कुणाचा तरी गुडघा पाठीत रुतला, हात मागे ओढले गेले, खिसे चाचपले गेले.

"नाव काय?"

"सुझगो."

"काय?"

"सुझगो म्हांगो. मी विद्यार्थी आहे. मातीचा."

"कसला?"

"मातीचा, साहेब. माती."

"ओळखपत्र?"

"पिशवीत आहे. पिशवी खोलीत. खोली ते उघडत नाहीत."

आपलं बोलणं आपल्यालाच खोटं वाटावं, असा तो क्षण होता. पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला वयस्क पोलीस नळीजवळ वाकला, तिच्या टोकाला चिकटलेली काळी माती त्यानं अंगठ्यानं खरवडली आणि सुस्कारा सोडला.

"हे शेतातलं अवजार आहे रे. माझ्या भावाकडे आहे असलं." मग सुझगोला उठवत म्हणाला, "तुला मेसेज नाही आला? बंदूकवाला शिरलाय म्हणतात. सगळे दारं लावून बसलेत, आणि तू लोखंड घेऊन दारं ठोकत फिरतोयस!"

त्या माणसानं त्याला दंडाला धरून पुन्हा इमारतीत नेलं, झाडू-बादल्यांची खोली उघडून आत ढकललं आणि बजावलं, "आतून कडी लाव. कुणालाही उघडू नको. मी आलो तरी नको."

"मग बाहेर कधी यायचं?"

"भोंग्यावरून सांगतील," असं म्हणून तो धावत गेला.

आत अंधार होता आणि फिनेलचा वास. सुझगो उलट्या बादलीवर बसला. फोन नव्हता, घड्याळ नव्हतं. ओल्या शर्टानं थंडी वाजत होती की भीतीनं, हे कळायला मार्ग नव्हता. बाहेर पावलं वाजली की तो श्वास धरायचा. पावलं दूर गेली की वाटायचं, आता ती वरच्या मजल्यावर चालली असतील, ब्रेनाच्या खोलीकडे. मग दुसराच विचार यायचा. इथे आपलं काही झालं तर घरी कोण कळवणार? नाव तरी नीट सांगता येईल का कुणाला? आईला इंग्रजी थोडकंच येतं. ती फोनवर 'कोण, कोण?' करत राहील आणि समोरचा माणूस तिच्या मुलाचं नाव चुकीचं उच्चारत राहील. याच विचारानं त्याला रडू कोसळलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं तोंडात मनगट धरलं.

एकदा कुणीतरी दाराची मूठ हलवली.

सुझगो बादलीवरून उठलासुद्धा नाही. मूठ पुन्हा हलली. बाहेर कुणीतरी हळू आवाजात काहीतरी बोललं, बाई होती की पुरुष तेही कळलं नाही. कडी त्याच्या हाताच्या अंतरावर होती. त्यानं हात पुढे केला नाही. पावलं निघून गेली.

किती वेळ गेला देव जाणे. मग भोंगा घुमला. धोका टळला आहे, काही आढळलं नाही, बाहेर यायला हरकत नाही. पुढे कळलं की नव्या वसतिगृहाच्या बांधकामावर फळ्यांची चळत कोसळली होती. ते आवाज ऐकून कुणीतरी फोन केला, आणि एकाचे दहा होत गेले.

वर खोलीचं दार आता सताड उघडं होतं. आतली टेबलं दाराशी ओढून लावलेली, ती सरकवायचं काम चाललं होतं. ब्रेना भिंतीला टेकून खाली बसली होती. नेहमी लाल असणारा तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. तिनं सुझगोकडे पाहिलं, त्याचा चिखलानं भरलेला शर्ट पाहिला, मनगटावरचे दातांचे वण पाहिले.

"तू कुठे होतास?"

"आधी तळघरात. मग इथे बाहेर. दार वाजवत होतो."

ब्रेनाचा हात तोंडावर गेला.

"तो तू होतास?"

"हो. मी नावही घेतलं तुझं."

"मला काहीच कळलं नाही रे. आम्ही टेबलाखाली होतो. कुणीतरी मूठ हिसकतंय, लोखंड आपटतंय, आणि कसल्या तरी भाषेत ओरडतंय, एवढंच ऐकू आलं." ती थांबली. मग खाली बघत म्हणाली, "पोलिसांना मीच कळवलं. तो आमच्या दाराशी आहे म्हणून. मीच."

खोलीतले बाकीचे दोघं टेबल धरून तसेच उभे राहिले.

सुझगोला वाटलं, आता आपल्याला राग यायला हवा. त्यानं वाट पाहिली, पण राग आला नाही. पाठीत मघाचा गुडघा मात्र अजून रुतलेला होता.

"बरोबर केलंस," तो म्हणाला. "तसंच करायला सांगितलेलं होतं ना?"

"त्यांनी तुला काही केलं का?"

"पालथं पाडलं. मग एकानं उठवलं."

ब्रेना रडू लागली. रडता रडता म्हणाली, "त्यांनी गोळी घातली असती तर? माझ्यामुळे..." आणि मग एकदम मान वर करून, "तू असतास तर उघडलं असतंस का? खरं सांग."

सकाळी कुणी हे विचारलं असतं तर सुझगोनं छातीवर हात ठेवून हो म्हटलं असतं. आमच्याकडे दारातल्या माणसाला कुणी बाहेर ठेवत नाही, असंही वर ऐकवलं असतं. आता त्याला ती हललेली मूठ दिसली, आणि हाताच्या अंतरावरची कडी.

"नाही," तो म्हणाला. "नसतं उघडलं."

पिशवीतला फोन आईच्या नावानं वाजत होता. तिकडे रात्र झाली होती. बातमी पोचली की काय? त्यानं बोळाच्या टोकाला जाऊन फोन घेतला.

"झोपले नव्हते रे, म्हटलं तुझा आवाज ऐकावा. जेवलास का?"

"जेवलो, आई."

"खोटं बोलतोस. आवाज उपाशी येतोय. न्सिमा मिळतं का तिथे?"

"न्सिमाला लागतं तसलं मक्याचं पीठ इथे नसतं, आई."

"तूच म्हणालास ना, मका समुद्रासारखा पसरलाय म्हणून? मग कोण खातं तो?"

"डुकरं खातात."

"देवा रे!" आई हसली. "मग डुकरांना म्हणावं, माझ्या पोरालाही थोडं ठेवा."

तोही हसला, आणि हसताना भिंतीला धरून उभा राहिला. थंडी पडलीय का, गरम कपडे घेतलेस का, चर्चला जातोस का. सगळ्याला त्यानं हो म्हटलं. बाकीचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरले. प्रोफेसर ऑस्टरहाउसनी तास सुरू करण्याआधी कुणाला काही बोलायचंय का म्हणून विचारलं. मग त्यांनी चिकणमातीचा धडा काढला. तास संपल्यावर त्यांनी सुझगोला थांबवलं. ब्रेनानं सांगितलं असावं.

"तुला घरी जावंसं वाटत असेल तर तिकिटाचं बघू," ते म्हणाले. "आणि राहावंसं वाटत असेल तर मला आवडेल."

सुझगो खाकरला. "राहतो, डेल," तो म्हणाला. ते नाव तोंडून कसं निघालं, त्याचं त्यालाच नवल वाटलं. डेल मात्र या वेळी हसले नाहीत.

त्याच दुपारी ब्रेना त्याला गाडीतून दुकानात घेऊन गेली. इथला नंबर घेऊन दिला आणि तिथेच उभं राहून तो तातडीच्या मेसेजसाठी नोंदवून घेतला. परत येताना ती म्हणाली, "काहीतरी बोल ना, तुमच्या भाषेत. कसलंही." त्यानं पावसाबद्दल दोन वाक्यं सांगितली. तिनं लक्ष देऊन ऐकली.

पुढच्या बुधवारी उरलेली माती दळायला तो पुन्हा तळघरात उतरला. फोन सोबत घेतला, पण तळघरात त्याला धड संपर्क मिळेना. यंत्र सुरू केलं, ढेकळं टाकली. कानात बोळे घालावेसे वाटेनात. मूठभर दळून झालं की तो यंत्र बंद करायचा, मान वर करून कानोसा घ्यायचा. वरच्या बोळात कुणाच्या तरी चपला फटफटत गेल्या, कॉफीचं यंत्र खरखरलं, कुणीतरी हसलं. मग तो पुन्हा यंत्र लावायचा. दोन तासांचं काम त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरलं.