रतनबाईचा राहिलेला दिवस

जयवंत त्रिभुवन वडिवळ्यात राहायला आला, तेव्हा घराघरांतून त्याला चहा मिळाला. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, संपली आणि चहा बंद झाला. असं का झालं, हे त्याला काही केल्या समजेना.

तो श्रीरामपूरकडचा. नुकताच शिकून बाहेर पडलेला, आणि ख्रिस्ती धर्माचा प्रचारक म्हणून ही त्याची पहिलीच नेमणूक. आल्या दिवशीच त्यानं हे सरळ सांगून टाकलं होतं. घरमालक निवृत्तीआबा म्हणाले होते, "तुमचा देव तुमच्यापाशी, आमचा आमच्यापाशी. गाडी तेवढी दारात आडवी लावू नका." मागची खोली मिळाली.

पुण्याहून निघताना वरिष्ठांनी बजावलं होतं, "लगेच उपदेश करू नकोस. आधी लोकांच्या उपयोगी पड." म्हणून आवणीच्या दिवसांत जयवंत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला. एक दिवस आबांच्या खाचरात, एक दिवस शेजारच्या रतनबाईच्या. तिच्या मुलाला कंपनीतून सुट्टी मिळाली नव्हती. जयवंतनं भाताचं रोप कधी हातात धरलेलं नव्हतं.

"पाव्हनं, रोप लावताय का खिळा ठोकताय?" रतनबाई ओरडली आणि ओळीतल्या सगळ्या बायका हसल्या. जयवंतही हसला. त्याला वाटलं, आपण या गावचे झालो.

संध्याकाळी बांधावर पाय धुताना रतनबाईनं विचारलं, "आता तुमचं कवा?"

"माझं काय, मावशी?"

"काम. आमी कवा यायचं?"

"छे, छे! मला काही नको. मी सेवा म्हणून केलं."

रतनबाईचं हसू मावळलं. दमली असेल, असं त्याला वाटलं. आबांनीही आदल्या दिवशी तेच विचारलं होतं आणि त्यांनाही त्यानं तेच उत्तर दिलं होतं.

त्यानंतर माणसं त्याला पाहून रस्ता बदलू लागली. मग एके सकाळी आबा दारात उभे राहून म्हणाले, "म्हयनाअखेर खोली मोकळी करा. पाव्हन्यांना लागती."

पाहुणे कुठले? घरात तर कोणीच येणार नव्हतं. इथून परत पाठवलं गेलं, तर पुण्यात काय सांगायचं? जयवंत विचार करकरून थकला. आपण गाणी मोठ्यानं म्हणतो म्हणून? त्यानं आवाज खाली आणला. भिंतीवरच्या क्रुसामुळे? त्यानं तो काढला, मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा लावला. शेवटी आबांच्या बायकोला, चिमाबाईला, त्यानं विचारलंच.

चिमाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "आमी काय भिकारी हाय का वो?"

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हनायला कशाला पायजे? हितं सावड असती. आज तू माज्या रानात, उद्या मी तुज्या. दिवसाला दिवस. तुमी दिवस दिला आन् परत घेईनात. फुकटचं घेऊन आमी तोंड कुटं दाखवायचं? आन् आज काय नको म्हननारा उद्या काय मागंल, त्याचा काय नेम?"

"मी काही मागणार नव्हतो," जयवंत म्हणाला. पण म्हणता म्हणता तो अडखळला. आवणी करताना, वाकून वाकून पाठ मोडली असताना, त्याच्या मनात एकच गोष्ट होती. यातलं कोणी तरी एक दिवस आपल्या प्रार्थनेला येऊन बसेल. मग 'काही नको' हे खरं होतं का? त्याचं त्यालाच कळेना.

तो तसाच रतनबाईकडे गेला. "मावशी, माझा दिवस परत द्या."

रतनबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता सुचलं! काय काम हाय तुमचं?"

काम? शेत नाही, गुरं नाहीत, घर दुसऱ्याचं.

तिनंच मार्ग काढला. "मग तुमच्या त्या प्रार्थनेला येऊन बसते दिवसभर. फिटलं."

ज्यासाठी तो इतक्या लांब आला होता, ते ती अंगणात उभ्या उभ्या देऊ करत होती. नाही म्हटलं, तर पुन्हा तेच, आणि खोलीही जाणार. हो म्हटलं, तर ती येईल, पण कशासाठी?

"त्यासाठी नको, मावशी," तो हळूच म्हणाला. "देवापुढं कोणी फेड म्हणून बसू नये."

"अवगड हाय तुमचं! मग करू तरी काय?"

"मला भाकरी शिकवा. आल्यापासून बिस्किटं आणि नूडल्स खातोय."

"भाकरीला दिवस लागतो व्हय?"

"मला लागेल."

रतनबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी ती तांदळाचं पीठ घेऊन आली. जयवंतची पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्यावर गोळा झाली. "पानी कडत पायजे. आन् थापा, मारू नका तिला!" आवाज ऐकून चिमाबाई आली, आणि तिच्यामागून आबा. कोपरापर्यंत पीठ माखलेल्या भाडेकरूकडे आबा बराच वेळ पाहत राहिले.

"हिचा दिवस घेतला. माजा कवा घेताय?"

"आबा, मला खरंच सुचत नाहीये."

"खोलीच्या मागनं पानी मुरतंय, दिसत न्हाई? चर मारावा लागतोय. उद्या येतो फावडं घेऊन."

"पण मी तर महिनाअखेर जाणार ना?"

"चर मारून खोली रिकामी ठेवतं का कोनी?" आबा वैतागून म्हणाले आणि निघून गेले.

दुपारी पुण्याहून फोन आला. वरिष्ठांनी विचारलं, "काय, काम कसं चाललंय?"

जयवंतनं परातीकडे पाहिलं. रतनबाई त्याची सातवी भाकरी उलटत होती.

"चाललंय, सर," तो म्हणाला. "पण कोण कोणाचं करतंय, ते अजून नीट कळलेलं नाही."