कार्डाला नावं ठेवताना

दोन पंख्यांच्या मागे पातळ पात्यांची दाटी, माशाच्या कल्ल्यांसारखी — गुणवंतीने त्यात बोट घातलं, धूळ निघाली नाही. नाकाशी नेलं, जळका वास नाही... वापरलेला असला तरी माल चोख, आणि एवढं कळायला शाळा लागत नाही, चाळीस वर्षं मिरकरवाड्याच्या लिलावात मासळी उचललीय.

"ह्या काय रे? कुणी टाकलेला उचलून आणलंस?"

"ग्राफिक्स कार्ड, आजी," दुकानदार रितेश हसला. "सेकंडहँड आहे, पण एकदम टकाटक. महिन्याभरात बिघडलं तर मी बसलोय."

शेजारी सानवी, तिची नात, हातात वहीचं पान — कॉम्प्युटरच्या भागांची यादी, महिनाभर खोडून खोडून लिहिलेली. प्रोसेसर हलका, रॅम कमी, सगळं आत बसवायचा पेटारा तर सगळ्यात साधा. सगळीकडे हात आखडून पोरीने ह्या एका कार्डापुरती जागा केली होती. रिक्षात सांगत होती, बाकीचं मागाहून बदलता येतं गं आजी, पण हे नसलं तर गेम नुसता अडखळतो... जन्मात पहिल्यांदा तिने काही मागितलं होतं, आणि घेऊन द्यायचंच, हे गुणवंतीने घरूनच ठरवलेलं.

म्हणूनच तर नावं ठेवायची. सुरमई डोळ्यांत भरली की तिला शिळी म्हणावं, तोंड फिरवावं. हौस दिसली की भाव चढला.

"पंखे बघ, पिठाच्या गिरणीसारखे घरघरतील. भंगारवालापण घेणार नाय. आणि पोरीच्या जातीला खेळायला हवंय कशाला एवढं?"

रितेशचा चेहरा पडला. "बरं, पाचशे कमी द्या."

आला वाटेवर... अजून एक फटका, की —

कागदावर पेन ओढल्याचा आवाज झाला.

"राहू दे, आजी. नको मला. कार्डाशिवाय चालेल."

हाच आवाज. असाच सपाट. भावेश, हिचा बाप, अकरा वर्षांचा, सायकलच्या दुकानात — लाल सायकल, आणि मी म्हणाले होते, चाकं वाकडी, रंग उडालेला, दुकानदार भाव उतरवतच होता, तेवढ्यात भावेश म्हणाला, नको मला... त्यानंतर त्याने काही मागितलंच नाही. मुंबईहून फोन करतो, तब्येत विचारतो, ठेवतो. मी समजत होते, पोरगा शहाणा झाला.

"मग कार्ड ठेवू आत?" रितेशने खोका उचलला.

गुणवंतीने खोक्यावर हात ठेवला. चांगलं आहे, एवढंच म्हणायचं होतं — भाव चढला तर चढो — पण जीभ त्या वळणाची नव्हतीच. परवा जेटीवर माझ्यासोबत मासळी विकणाऱ्या तुळसाने विचारलं, नात काय म्हणते गं, आणि मी म्हणाले, कसली नात, आळशी मेली, इकडची काडी तिकडे करत नाय... दृष्ट लागू नये म्हणून गं, माझा जीव अडकलाय हिच्यात म्हणून! पोर तिथंच उभी होती. घरच्यांना हे सांगावं लागत नाही, असंच धरून चालले मी इतकी वर्षं... आणि आता सानवी माझ्याकडे न बघता कागदाची घडी घालतेय, घडीवर घडी, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटतेय, की हिने माझा शब्द न् शब्द खरा मानलाय — आजचाच नव्हे.